पुसून दिलंय म्हणे!

परवापासून डोकं ठणकतंय माझं. फोनवर तो विक्रेता उपकार केल्यासारखा सांगतोय, "थोडं काळं पडलं होतं सर, म्हणून पुसून दिलंय. कसं चकाचक झालंय!" प्रूफ नाणं, संग्रहासाठी खास घडवलेलं. पुसून. आणि वर शाबासकी पाहिजे याला!

२०१५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त सरकारनं १२५ रुपयांचं नाणं काढलं होतं. ३५ ग्रॅम वजन, ४४ मिलिमीटर व्यास, अर्धी चांदी आणि बाकी तांबं, निकेल, जस्त. तेव्हा टांकसाळीकडे नोंदणी करायची माझी राहून गेली. आमचे वडील नामांतराच्या मोर्चांत पायी चाललेले. १९७८ ला ठराव झाला आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. त्या माणसाच्या हातात हे नाणं ठेवायचं म्हणून मी परभणीहून पहाटेची एसटी धरून संभाजीनगरला प्रदर्शनात गेलो. "एकदम ७० ग्रेड, सर, डोळे झाकून घ्या," असं तिथला हा विक्रेता म्हणाला. ७० म्हणजे दर्जाचा सगळ्यात वरचा आकडा. घेतलं. महिन्याच्या किराण्याहून जास्त पैसे मोजले.

रात्री घरी दिवे बंद केले, एकच टेबललॅम्प ठेवला आणि नाणं तिरकं धरून भिंगाखाली फिरवलं. चेहऱ्याशेजारच्या आरशासारख्या भागावर केसासारखे बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेनं. फडकं फिरवल्याशिवाय असे ओरखडे येतच नाहीत. गालावरचा पांढरट फ्रॉस्ट, म्हणजे मुद्दाम ठेवलेला खरबरीतपणा, घासून तुकतुकीत झालेला. पोटात खड्डा पडला माझ्या.

अरे, प्रूफ म्हणजे चकाकणारं नाणं नव्हे रे! प्रूफ ही नाणं घडवायची रीत आहे. ठसा पॉलिश करतात, चकतीही पॉलिश करतात, आणि एकदा नाही तर एकाहून जास्त वेळा दाब देऊन ठसा उमटवतात. चित्राचा भाग मुद्दाम खरबरीत ठेवतात म्हणून तो दुधाळ दिसतो आणि मागचा भाग आरसा होतो. हा काळा-पांढरा फरक हाच त्याचा जीव. बोटानं पुसलं तरी तो उणावतो आणि गेलेला परत येत नाही. जगात कुठलाच कारागीर तो परत आणून देत नाही.

आणि ते ७० म्हणे! नाण्याच्या दर्जाची १ ते ७० ही मोजपट्टी शेल्डन या अमेरिकन नाणेअभ्यासकानं १९४९ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. पुढं सगळ्या जगानं ती उचलली. आज प्रूफला ७० मिळायचं तर पाचपट भिंगाखालीसुद्धा टांकसाळीतून निघाल्यानंतरचा एकही डाग किंवा ओरखडा दिसता कामा नये. एनजीसी, पीसीजीएस यांच्यासारख्या नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थांचे लोक नाणं तपासून सीलबंद करतात, तेव्हा कुठं तो आकडा लागतो. घासलेल्या नाण्याला तर ते आकडाच देत नाहीत, नुसतं 'डिटेल्स' लिहून सोडून देतात. आणि हा लेकाचा टेबलामागं खुर्ची टाकून, प्लास्टिकच्या डबीवर पेनानं ७० लिहून विकतोय! कुणी दिला हा आकडा? कधी? कशाखाली बघून?

काळं पडलं होतं तर पडू द्यायचं होतं. चांदीत गंधक मुरलं की ती काळवंडतेच, त्यात इथं तांबं ४० टक्के. तो थर नाण्यानं स्वतःवर धरलेला असतो, तो दिसला असता तर मी आनंदानं घेतलं असतं, भाव थोडा कमी-जास्त झाला असता. रबरबँड, पुठ्ठा, ते स्वस्तातलं पीव्हीसीचं पाकीट, ज्यातून पुढं हिरवा चिकट थर सुटतो, यांपासून लांब ठेवायची अक्कल यांना नाही. मात्र फडकं कायम खिशात!

यांच्यावर काय चिडायचं, घरातही तेच. मागच्या दिवाळीत वाजपेयींचं १०० रुपयांचं प्रूफ, २०१८ चं, वहिनींनी डबीतून काढून लक्ष्मीपूजनाला मांडलं. पंचामृत, हळद, कुंकू, सगळं. नंतर रांगोळीनं घासून, धुऊन परत डबीत. मी बोललो तर म्हणाल्या, "भाऊजी, देवासाठीच तर घेतलं ना?" अहो, देवासाठी आजीचा हाली रुपया आहे की! चारमिनारचा, निजामाच्या काळातला. तो बाजारात हजार हातांतून फिरलाय, कनवटीला घासलाय, त्याचे ओरखडे म्हणजे त्याचं आयुष्य आहे. त्याला खुशाल दह्यादुधानं आंघोळ घाला. प्रूफ नाणं कुठल्याच हातात जायला जन्मलेलं नाही. धरायचंच झालं तर कडेनं, दोन बोटांत, खाली मऊ कापड घालून. एवढंसं ऐकायला काय जातं माणसाचं?

विक्रेत्याला शेवटी म्हणालो, पैसे परत द्या. तर म्हणतो, "सर, चांदी तर तेवढीच आहे ना?" साडेसतरा ग्रॅम चांदीच पाहिजे असती तर मी परभणीच्या सराफाकडे गेलो नसतो का? पहाटेची एसटी कशाला धरली असती?

वडिलांनी काल विचारलं, आणलंस का रे. मी डबी हातात दिली. चष्मा पुसून त्यांनी नाणं खिडकीच्या उजेडात धरलं, बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "छान उठलाय चेहरा." माझ्या तोंडून शब्द फुटेना. डबी तिथंच त्यांच्या उशाशी ठेवली. आता तेच नाणं त्यांच्याकडून मागून घेऊन रविवारी परत त्या माणसाच्या दारात जायचंय, आणि वडिलांना काय सांगायचं ते मला सुचत नाहीये.