रिव्ह्यूला उत्तर: चारही यूएसबी पोर्ट गाडीतच आहेत, कुठे ते सांगतो

नमस्कार ताई, एवढा सविस्तर रिव्ह्यू लिहिलात त्याबद्दल आधी धन्यवाद. दोन स्टार दिलेत आणि कारणंही दिलीत, की जाहिरातीत चार यूएसबी पोर्ट लिहिलेत पण सापडले दोनच, मॅप गाडीच्या स्क्रीनवर आलाच नाही, ताम्हिणीत फोन लावलेला असून बॅटरी उतरत गेली, आणि शेवटच्या दिवशी १२ व्होल्टचं सॉकेट पण बंद पडलं. सोबत बाळ आणि आजी-आजोबा असताना घाटात फोन बंद पडायची धास्ती काय असते ते मला पुरेपूर माहितीये, म्हणून एकेकाचं नीट उत्तर देतो, पुढे हीच सात सीटर कोणी आमच्याकडून भाड्याने नेली तर त्यांच्याही कामाला येईल.

पोर्ट चार आहेत आणि गाडी परत आल्यावर मी स्वतः चारही चेक केले, चालू आहेत. एक पुढे एसीच्या बटणांखाली. दुसरा आर्मरेस्टच्या डब्यात, झाकण उघडलं की आतल्या भिंतीला अगदी वरच्या कडेजवळ, काळ्या प्लास्टिकमध्ये काळा पोर्ट आहे त्यामुळे नुसतं बघून दिसत नाही, बोटाने चाचपावं लागतं. राहिलेले दोन टाइप-सी त्याच डब्याच्या पाठीला, मधल्या रांगेत बसणाऱ्याच्या गुडघ्यासमोर, तिथे छोटं झाकण आहे ते खाली ओढायचं. तिसऱ्या रांगेत पोर्ट नाही आणि आम्ही तसं लिहिलेलंही नाही, तिथे मुलांना टॅब लावायचा असेल तर दोन मीटरची केबल मागे न्या, फक्त मधल्या सीटच्या रुळात जाऊ देऊ नका, सीट सरकवली की केबल चिरडते.

आता मॅपचं. पुढच्या पोर्टशेजारी बारीक फोनचं चित्र आहे आणि बाकी तिघांशेजारी नुसतं विजेचं चिन्ह, म्हणजे स्क्रीनला जोडलेला तो एकटाच, बाकीचे फक्त चार्जिंगचे. तुम्ही त्यालाच लावला होतात तरी आला नाही म्हणता, तर त्याचं कारण केबल. तुमची पांढरी केबल गाडीत राहिलीये, मी माझा फोन तिच्यावर लावून बघितला, चार्ज होतो पण स्क्रीनला काहीच कळत नाही, माझ्या केबलवर लगेच अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनचा मॅप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय, सुरू झालं. स्वस्त केबलीत बऱ्याचदा करंटच्याच दोन तारा असतात, डेटाच्या दोन नसतातच, आणि बाहेरून बघून ते अजिबात ओळखता येत नाही. केबल ऑफिसात ठेवलीये, कधीही घेऊन जा.

बॅटरी उतरण्याचं पण सांगतो. स्क्रीनवाला पोर्ट जुन्या यूएसबी २.० पद्धतीचा, ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे फक्त अडीच वॅट. घरचा चार्जर २५ नाहीतर ३३ वॅटचा असतो. त्यात ताम्हिणीत रेंज जाते-येते, फोन सतत टॉवर शोधत राहतो, जीपीएस चालू, स्क्रीन फुल ब्राइट, मग आत येतं त्यापेक्षा बाहेर जास्त जातं, पोर्ट बिघडलेला नसतानाही टक्के खाली येतात. अशा वेळी फोन मागच्या टाइप-सीला लावायचा, तिथे १५ वॅट मिळतात, आणि मॅप निघायच्या आधी घरच्या वायफायवर ऑफलाइन उतरवून घ्यायचा. दाभोळच्या जेट्टीवर चार्जिंग बंद झालं म्हणालात ते बरोबरच आहे, किल्ली बंद केली की या गाडीचे सगळे पोर्ट बंद होतात, आणि मी तर म्हणेन की फेरीबोटीची वाट बघत किल्ली ऑन ठेवून तासभर बसू पण नका, गाडीची बॅटरी उतरली तर तिथे ढकलायला माणसं शोधत बसावं लागेल.

सॉकेट बंद पडलं कारण फ्यूज उडाला होता. त्याच्या झाकणावर १२० वॅट लिहिलंय, म्हणजे १० अँपिअर, आणि तुम्हीच लिहिलंय की स्प्लिटर लावून बाळाच्या दुधासाठी पाणी गरम करायची किटली आणि दोन फास्ट चार्जर एकत्र चालू होते. अशा किटल्या एकट्याच शंभर-दीडशे वॅट ओढतात. फ्यूज उडाला हे चांगलंच झालं, नाहीतर वायरिंग तापलं असतं आणि गाडीत लहान मूल होतं. कृपा करून परत ती किटली गाडीत लावू नका, गरम पाण्याचा थर्मास न्या, लागला तर आमच्याकडून न्या, त्याचे पैसे घेणार नाही. फ्यूज दहा-वीस रुपयांचा असतो, तो बदललाय आणि त्याचं काही कापलेलं नाही, डिपॉझिट पूर्ण परत पाठवलंय, आलं नसेल तर ऑफिसच्या नंबरवर सांगा, बघून लगेच कळवतो.