नवोपक्रमशील शिक्षकांनी पुस्तक कसं वाचावं

वर्गात काहीतरी नवं करायचं तुम्ही मनावर घेतलंच असेल, तर आधी पुस्तकं मागवा. घाई नको. वर्ग कुठे पळून जात नाही. मुलं तर सक्तीनेच बसलेली असतात.

पुस्तक निवडताना मुखपृष्ठावर 'क्रांती' किंवा 'एकविसावं शतक' यांपैकी एक तरी शब्द आहे ना, एवढं बघा. आतला मजकूर नंतरही बघता येतो, किंवा नाहीही. मग पिवळा हायलाइटर काढा. २०१३ साली मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. मजकुराखाली रेघा ओढणं, तो रंगवणं ही पद्धत त्यांनी कमी उपयोगाच्या गटात टाकली. स्वतःची चाचणी घेणं आणि अंतर ठेवून सराव करणं या दोन पद्धती सगळ्यांत वर ठेवल्या. फार मोलाची माहिती आहे. पिवळी करून ठेवा.

वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं आणि स्वतः केलेलं ९० टक्के, हा त्रिकोण तुमच्या सादरीकरणात हवाच. हा त्रिकोण ज्यावरून आला, तो अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी १९४६ साली मांडलेला 'अनुभवांचा शंकू'; त्यात टक्के नव्हतेच, ते मागाहून कोणीतरी चिकटवले, अशी कुरकुर एखादा आगाऊ सहकारी करेल. त्याच्याकडे लक्ष देऊ नका. टक्क्यांवाचून स्लाइड उघडीबोडकी दिसते. शिवाय वाचलेलं १० टक्केच लक्षात राहतं, हे वाक्य तुमच्या मात्र १०० टक्के लक्षात राहिलंय, हा काय कमी पुरावा झाला?

अमेरिकन तत्त्वज्ञ आणि शिक्षणविचारवंत जॉन ड्यूई वाचायलाच हवा. १९३८ सालचं त्याचं अनुभव आणि शिक्षण यांवरचं पुस्तक छोटंसं आहे, त्यामुळे न वाचण्याला सबब नाही; पण वाचताना थोडं जपून. प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही, काही अनुभव पुढच्या शिकण्याची वाटच अडवतात, असं तो स्पष्ट म्हणतो. ही पानं पटकन उलटा, नाहीतर व्हिनेगर ओतून फसफसणाऱ्या तुमच्या ज्वालामुखीच्या प्रयोगातून मुलं नेमकं काय शिकली, हे विचारायची पाळी तुमच्यावरच यायची. आपण आपलं 'करून शिका' एवढंच घ्यावं आणि फलकावर लिहावं. करायचं काय, ते ड्यूईला माहीत.

वाचलेलं इतरांपर्यंत पोचवणंही तुमचं कर्तव्य आहे. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी 'बँकिंग' शिक्षणावर केलेली टीका यासाठी उत्तम: विद्यार्थी म्हणजे रिकामी खाती, शिक्षक त्यांत ठेवी भरत जातो, आणि खात्यांनी त्या मुकाट्याने सांभाळायच्या. सहकाऱ्यांना शाळा सुटल्यावर थांबवून घ्या आणि हे त्यांना चाळीस मिनिटं सलग सांगा. मध्ये कोणी बोलू लागलं तर "प्रश्न शेवटी" म्हणून हाताने थोपवा. शेवटी वेळ उरणार नाहीच.

आता एका धोकादायक संशोधनाबद्दल सावध करतो. मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतले संवाद ध्वनिमुद्रित करून ऐकले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, असं त्यांना आढळलं. तीच वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली, तर उत्तरं लांबली, "माहीत नाही" म्हणणं घटलं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. ना साहित्य, ना ॲप, ना प्रशिक्षण. नुसतं थांबायचं. असल्या उपक्रमाचा अहवाल लिहायचा कसा? फोटो कशाचा काढायचा, गप्प उभ्या शिक्षकाचा?

तरी मी एकदा करून पाहिलं. प्रश्न विचारला. पहिल्या सेकंदाला घसा खाकरला. दुसऱ्या सेकंदाला खडू उगाच हातात घेतला. मागच्या बाकावरच्या एका मुलीचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण तोवर माझ्याने राहवलं नाही, आणि मीच उत्तर देऊन टाकलं. सुरेख उत्तर होतं. आदल्याच रात्री पिवळं केलेलं.