सांगलीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

खुब्याचं सिरॅमिक रिसरफेसिंग (पूर्ण सांधा न बदलता हाडाच्या डोक्यावर सिरॅमिकची टोपी बसवायची) आपल्याकडं मान्य होण्याची वाट बघत ताटकळणाऱ्या पेशंटवर मागे लेख टाकला होता. त्याखाली ‘सांगलीकर’ या नावानं एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. बऱ्याच जणांनी तिचे स्क्रीनशॉट मला व्हॉट्सअॅपवर पाठवले, जणू मी माझाच ब्लॉग वाचत नाही. उत्तर तिथंच खाली देणार होते, पण लांबत गेलं म्हणून इथं वेगळं टाकते आहे.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सांगलीकर वैद्यकीय उपकरणांच्या लाइनीत बरीच वर्षं आहेत. त्यांचं म्हणणं असं, की मान्यतेला लागणारा वेळ ही चाळणी आहे, छळ नव्हे. डीप्यू कंपनीचा एएसआर हा धातूचा कृत्रिम खुबा माघारी बोलवावा लागला, ते सगळ्या जगानं पाहिलंय. सिरॅमिक रिसरफेसिंगचे दहा वर्षांचे आकडेसुद्धा अजून हातात नाहीत. कंपनीनं भारतात अर्ज तरी केलाय का हे न बघता मी ‘दिल्लीत अडकलंय’ असं ठोकून दिलं. आणि पूर्ण सांधा बदलण्याचा चांगला पर्याय समोर असताना मी पेशंटना नादी लावते आहे. शेवटी जाता जाता हे : “ताई, भावना समजतात, पण जरा वाचन वाढवा. खुब्यासाठी थांबल्यानं कुणी मरत नाही.”

आधी जे पटलं ते सांगते, म्हणजे मी हटवादी आहे असं कुणी म्हणायला नको. लेखाबरोबरचा फोटो रिसरफेसिंगचा नव्हता, मांडीच्या हाडात दांडा घालतात त्या पूर्ण सांध्याचा होता. तो बदलला आहे. धन्यवाद.

आता बाकीचं. सांगलीकर साहेब, तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. माझ्या लेखात तुमच्याबद्दल, तुमच्या धंद्याबद्दल एक वाकडा शब्द नव्हता. तरी तुम्ही पहिल्याच ओळीत ‘हौशी लेखिका’ म्हणालात आणि शेवटच्या ओळीत वाचन वाढवायला सांगितलंत. लेख जर पुरुषानं लिहिला असता तर ‘भावना समजतात’ हे वाक्य आलं असतं का, एवढंच मला विचारायचं आहे. माझ्या दादानं उद्यमनगरातल्या त्याच्या वर्कशॉपवर बसून असलाच काहीतरी लेख लिहिला असता, तर तुम्ही त्याला ‘मुद्द्यात दम आहे, पण’ असं म्हणून सुरुवात केली असती. मुद्दा खोडायचा तर खोडा, वरून डोक्यावर हात कशाला फिरवता?

आणि आता ते वाक्य. थांबल्यानं कुणी मरत नाही.

बरोबर आहे. मी मेलेले नाही. मी एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे, मुलींना खो-खो शिकवते. वय सेहेचाळीस. डाव्या खुब्याची वाटी जन्मापासून जराशी उथळ, हे चाळिशी ओलांडल्यावर एक्स-रे काढला तेव्हा कळलं. तोवर मी पाटीवर पळत होते, डाइव्ह मारत होते, आणि दुखलं की ‘नस आखडली असेल’ म्हणून तेल चोळत होते. आता खो-खोत चौरसात बसायचं कसं, हे मला मुलींना तोंडानं सांगावं लागतं. परवा सातवीतली एक नवी मुलगी टाच टेकवून बसत होती. तशी बसली की खो मिळाल्यावर उठायला वेळ जातो, आणि तेवढ्यात पळणारी निसटते. मी तिला सांगितलं, चवड्यावर ये, पुढचा गुडघा उचल, वजन पुढं घे. तिला काही केल्या कळेना. शेवटी नववीतल्या एकीला बोलावून तिला बसून दाखवायला लावलं, आणि मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत शिट्टी धरून बसले. नवी मुलगी मला म्हणाली, “मॅडम, तुम्हाला खेळता येत न्हाई व्हय?” यातही कुणी मेलं नाही, हे मान्य.

तुमच्या लाइनीतला माणूस असं वाक्य लिहितो याचं मला जास्त नवल वाटलं, कारण थांबण्याची किंमत कुठं वसूल होते हे तुम्हाला माझ्यापेक्षा नीट माहीत असणार. रिसरफेसिंगमध्ये मांडीच्या हाडाचं डोकं कापून टाकत नाहीत. ते वरून तासतात आणि त्यावर टोपी बसवतात, मान तशीच राहते, हाडाची पोकळी उघडावी लागत नाही. म्हणजे टोपी बसायला खाली चांगलं हाड पाहिजे. झिजणाऱ्या सांध्यात वर्षागणिक डोक्यात पोकळ्या पडत जातात, ते चपटं होत जातं. बाईचं म्हणाल तर पाळी जायच्या वयात हाडाची घनता घसरते, आणि कच्च्या हाडावर टोपी बसवली तर मानेला फ्रॅक्चर होण्याचा धोका वाढतो. त्यामुळं आज ‘तुम्ही या ऑपरेशनला योग्य आहात’ असं म्हणणारा डॉक्टर काही वर्षांनी ‘आता उशीर झाला’ म्हणतो. मान्यता मिळेल त्या दिवशी मी कदाचित जिवंत असेन, धडधाकट असेन, आणि त्या मान्यतेचा मला काडीचा उपयोग नसेल. हे तुमच्या वाक्यात कुठं बसतं ते सांगा.

‘मग धातूचं करून घ्या, ते तर आहेच’ असं आणखी दोघांनी खाली लिहिलंय. त्यांनाही इथंच सांगते. बर्मिंगहॅम हिप हा धातूचा प्रकार १९९७ पासून वापरात आहे, अमेरिकेत त्याला २००६ मध्ये मान्यता मिळाली. टेनिसवाल्या अँडी मरेला जानेवारी २०१९ मध्ये धातूचंच रिसरफेसिंग केलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यानं अँटवर्पला एकेरीचं विजेतेपद मिळवलं. चांगली गोष्ट आहे. पण तो उंचापुरा पुरुष. जून २०१५ मध्ये बर्मिंगहॅम हिप बनवणाऱ्या कंपनीनं स्वतःच डोक्याच्या व्यासाची ४६ मिलिमीटर आणि त्याखालची मापं बाजारातून काढून घेतली आणि बायकांना हे बसवू नका असं कळवलं. कारण लहान डोक्यांत आणि बायकांत ते जास्त फसत होतं, कोबाल्ट-क्रोमियमचे कण रक्तात आणि आजूबाजूच्या मांसात उतरत होते. माझं माप एक्स-रेवरून काढलंय, ४४. मी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी फक्त मान हलवली.

दादाला हे मी सांगितलं तर त्याला समजावायला लागलंच नाही. तो म्हणाला, बेअरिंगमध्ये ग्रीसचा थर टिकला तर धातूला धातू लागत नाही. व्यास लहान झाला, कडेवर भार आला, की थर फाटतो आणि मग चुरा. इंजिनीअरिंगचं एवढं साधं गणित बायकांच्या खुब्यावर कळायला जगाला २०१५ उजाडावं लागलं. म्हणून तर सिरॅमिक. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या लोकांनी केलेला एच-वन हा प्रकार २०१७ मध्ये पहिल्या पेशंटला बसवला, मॅटऑर्थो कंपनीचा रीसर्फ २०१८ मध्ये. धातूचे आयन नाहीत, आणि लहान मापंही आहेत. ज्यांच्यासाठी धातूचा दरवाजा बंद झाला त्या बायकांसाठीच हे मुख्यतः आहे, आणि थांबायलाही त्यांनाच सांगितलं जातंय.

तुमचं ‘चाळणी’ प्रकरणही जरा बघूया. युरोपात वैद्यकीय उपकरणांचे नवे नियम २६ मे २०२१ पासून लागू झाले. हेतू चांगला होता, पण प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्था कमी आणि रांग मोठी. शेवटी २०२३ मध्ये त्यांना कायद्यात बदल करून जुन्या प्रमाणपत्रांची मुदत वाढवावी लागली, जास्त धोक्याच्या वर्गातल्या उपकरणांना २०२७ च्या अखेरपर्यंत. यातली गंमत बघा. मुदतवाढ मिळाली ती जुन्या नियमांखाली पास झालेल्या मालाला. नवा माल मात्र नव्या नियमांच्या रांगेत उभा. जुनं विकत राहायला सवलत आणि नव्याला तपासणी, याला चाळणी म्हणायचं असेल तर म्हणा. फाइल टेबलावर पडून असते तेव्हा तिच्यातली एकही ओळ कुणी तपासत नसतं, हे सरकारी शाळेत नोकरी केलेल्या माणसाला तुम्ही शिकवू नका. माझ्या वेतननिश्चितीची फाइल किती काळ ‘तपासणीत’ होती ते एकदा सवडीनं सांगेन.

आपल्याकडं २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. त्यात परदेशी मान्यतेच्या आधारानं इथली चाचणी माफ करायची सोय आहे. सोय चांगली. पण तिकडं रांग लांबली की इकडची रांग त्या रांगेच्या शेपटाला. कोल्हापूरच्या बाईनं दिल्लीकडं बघायचं, दिल्लीनं युरोपकडं बघायचं.

‘अर्ज केलाय का ते बघितलं का’ म्हणालात. एका वितरकाच्या माणसानं मला फोनवर “फाइल वर गेलीय, मॅडम” असं सांगितलं, त्यावर विश्वास ठेवला. त्यापलीकडं एका खो-खोच्या बाईनं कुठल्या खिडकीवर जाऊन चौकशी करायची ते तुम्हीच सांगा, तुमची तर रोजची ओळख असेल. सर्वसामान्य माणसाला अर्जाची स्थिती सहज कळत नाही, हाच तर माझ्या लेखाचा निम्मा भाग होता. तो तुम्ही वाचला नसावा. वाचन कुणी वाढवायचं ते आता ठरवा.

आता एएसआर. हा हुकमाचा पत्ता तुम्ही असा टाकलात, जणू मी त्याचं नावच ऐकलं नव्हतं. जगभरात सुमारे ९३,००० पेशंट, भारतात सुमारे ४,७००. ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून माघारी बोलावलं. आपल्याकडं केंद्राच्या समितीनं २०१८ मध्ये किमान २० लाख भरपाईची शिफारस केली, आणि तोवर बहुसंख्य पेशंटचा पत्ताच लागत नव्हता. हे सगळं मला माहीत आहे. पण तुम्ही यातून जो धडा काढता तो मला पटत नाही. एएसआर काही रात्री भिंतीवरून उडी मारून आलं नव्हतं. ठिकठिकाणी त्याच्याकडं रीतसर कागद होते. ऑस्ट्रेलियात सांधेबदलाची राष्ट्रीय नोंदवही आहे, कुणाला काय बसवलं आणि किती वर्षांत काढलं हे त्यात लिहिलं जातं. तिथल्या आकड्यांनी ते उघडं पाडलं आणि तिथून ते डिसेंबर २००९ मध्येच हटलं, बाकी जगाच्या आठ महिने आधी. तशी सक्तीची नोंदवही आपल्याकडं असती तर आपले ४,७०० जण शोधत बसावं लागलं नसतं. तुम्हाला पेशंटच्या सुरक्षेची एवढी काळजी आहे तर त्याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक ओळ तरी हवी होती. मी वाट बघत वाचत गेले, आली नाही.

पूर्ण सांधा बदलणं उत्तम आहे, हे मी लेखातच म्हटलं होतं. अभ्यास सांगतात की साधारण ५८ टक्के सांधे पंचवीस वर्षं टिकतात. सेहेचाळीस अधिक पंचवीस किती होतात, ते मी शाळेत शिकवत नाही, पण मला येतं. सत्तरीला दुसरं ऑपरेशन, तेही दांडा काढून. माझ्या आईला सत्तरीत जिन्यावरून उतरवताना बघितलंय मी, त्यामुळं मला ते कागदावर समजावू नका.

दहा वर्षांचे आकडे नाहीत, हे खरंय. पुढं चला.

‘नादी लावते’ या आरोपाला मी उत्तर देणार नाही. माझा लेख वाचून कुणी पेनकिलर वाढवून थांबून राहिलं असेल, तर त्यांनी मला लिहावं. मी प्रत्येकीला हेच सांगत आले आहे, की आधी हाडाची घनता तपासा, एमआरआय जुना असेल तर नवा काढा, आणि फक्त थांबण्यासाठी थांबू नका. पूर्ण सांधा करून घेतलेल्या दोन मैत्रिणी आहेत माझ्या, एक राजारामपुरीतली, एक इचलकरंजीची. दोघी झकास फिरतात, एक तर जोतिबाला पायऱ्या चढून जाऊन आली. मी त्यांना कधीही ‘चुकलात’ म्हटलेलं नाही. माझ्या लेखातलं कुठलं वाक्य त्यांना चुकीचं ठरवतं ते दाखवा.

प्रतिक्रिया तुमची आहे तशी ठेवली आहे, एक अक्षर काढलेलं नाही. खाली एकानं तुमच्या सांगलीवरून चेष्टा केली होती, ती मात्र काढली, त्याचा इथं संबंध नव्हता. तुम्हाला पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा. फक्त ‘ताई’ नको. आणि थांबल्यानं कुणी मरत नाही, हे वाक्य तुम्हाला अजून टिकवायचंय का, एवढं आधी सांगा. बाकीच्या मुद्द्यांवर त्यानंतर बोलू. तोवर माझ्याकडून इथं काही येणार नाही, शनिवारपासून आमच्या तालुक्याच्या स्पर्धा आहेत.