विल्ट चेंबरलेन आणि प्लंबरांची फौज

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधला साठच्या दशकातला उंचपुरा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा खेळाडू) विल्ट चेंबरलेन याचं नाव निघालं की एक वाक्य ठरलेलं असतं : 'प्लंबर आणि फायरमनविरुद्ध एका सामन्यात शंभर गुण काढले, आजच्या एनबीएत बेंचवर बसला असता.' सोबत त्या सामन्याची म्हणून एखादी कृष्णधवल क्लिप. गंमत म्हणजे २ मार्च १९६२ च्या, अमेरिकेतल्या हर्शी गावातल्या त्या सामन्याचं चित्रीकरणच आजवर सापडलेलं नाही. आहे ते रेडिओचं समालोचन.

'समोर हौशी खेळाडू होते.' उन्हाळ्यात अनेक जण दुसरी कामं करत, हे खरं. पण ते पगार तुटपुंजा म्हणून, खेळ कच्चा म्हणून नव्हे. लीगमध्ये संघ अवघे ९, म्हणजे जागा शंभरेक. लेकर्स संघाचा एल्जिन बेलर १९६१-६२ च्या त्या हंगामात लष्करी सेवेत होता. रजा मिळेल तेव्हा येऊन तो ४८ सामने खेळला आणि सरासरी ३८.३ गुण काढून गेला. याला अर्धवेळ खेळाडू म्हणायचं तर खुशाल म्हणा. एवढं मात्र मान्य, की युरोपातले खेळाडू तेव्हा नव्हते आणि कृष्णवर्णीय खेळाडू किती घ्यायचे यावर अलिखित मर्यादा होती. आजच्याइतक्या मोठ्या जगातून निवड होत नव्हती.

'बुटक्यांत उंच.' तेव्हाचे दुसरे सेंटर पाहा : बिल रसेल ६ फूट १० इंच, वॉल्ट बेलामी ६ फूट ११. हर्शीत विल्टसमोर उभा असलेला न्यूयॉर्क निक्स संघाचा डॅरल इमहॉफही ६ फूट १०, १९६० चा ऑलिंपिक सुवर्णविजेता. फाउल भरल्याने तो २० मिनिटांतच बाहेर गेला.

'आकडे फुगलेले आहेत.' या मुद्द्यात दम आहे. तेव्हा एक संघ सामन्याला सरासरी १०७ हून अधिक शॉट मारायचा, आज नव्वदच्या आसपास. नेमही आजच्याहून कमी लागायचा, त्यामुळे रिबाउंडही (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) ढीगभर. विल्ट तर त्या हंगामात ४८ मिनिटांच्या सामन्यांत सरासरी ४८.५ मिनिटं खेळला, म्हणजे ओव्हरटाइम धरून जवळजवळ बाहेर बसलाच नाही. तेव्हा त्याचे ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड आजच्या आकड्यांशेजारी जसेच्या तसे ठेवणं चूकच. पण वेग सगळ्यांनाच सारखा होता ना? पूर्ण हंगाम खेळलेल्यांत त्याच्यामागे बेलामी, ३१.६ वर. हे जवळपास १९ गुणांचं अंतर वेगातून येत नाही. १९६४ मध्ये बास्केटपुढची लेन (जिथे आक्रमक खेळाडूला तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही) १२ वरून १६ फूट रुंद झाली, ती मुख्यतः विल्टला आवरायला.

'ड्रिबल (चेंडूला टप्पे देत पुढे नेणं) तरी येत होतं का?' चेंडूखाली हात गेला की पंच शिट्टी मारायचे, म्हणून हात वरच. आजचे निम्मे क्रॉसओव्हर (चेंडू या हातातून त्या हातात नेत दिलेले चकवे) त्या शिट्टीत अडकले असते. थ्री-पॉइंट रेषा आली १९७९-८० मध्ये. लेकर्सचा जेरी वेस्ट १९७४ लाच निवृत्त झाला होता, त्याच्या लांबच्या शॉटना दोनच गुण.

तो काळ आणि नंतरचा काळ जोडणारं टाइम मशीनच हवं असेल तर करीम अब्दुल-जब्बार आहे. १९६९ ला आला, विल्टशी भिडला, १९८५ मध्ये ३८ व्या वर्षी लॅरी बर्ड आणि केव्हिन मॅकहेल यांच्या बॉस्टन सेल्टिक्स संघाविरुद्ध फायनल्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याला कोणी प्लंबर म्हणत नाही. १९७२ मध्ये हाच करीम ऐन भरात होता, हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू होता, आणि त्याच्या मिलवॉकी बक्स संघाला वेस्टर्न (पश्चिम विभागाच्या) फायनलमध्ये ४-२ हरवलं ते लेकर्सनी. लेकर्सचा सेंटर होता ३५ वर्षांचा विल्ट.