"चांगलं तेल फेल केलं" या एक स्टारवर आमचं उत्तर

नमस्कार साहेब, आमच्या तेल तपासणाऱ्या लॅबबद्दलचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि सकाळी चहा घेताना परत एकदा वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की ऊस हार्वेस्टरसाठी तुम्ही वनस्पती तेलापासून हायड्रॉलिक ऑइल बनवलं, आम्ही दोन आठवडे सांगून दीड महिना घेतला, दुसऱ्या लॅबने बायोडिग्रेडेबल ९४ टक्के दिलं तिथे आम्ही ७१ दाखवलं, फोर बॉल या घासण्याच्या टेस्टला फक्त ०.४२ मिमीचा डाग येऊन सुद्धा "ॲसिड वाढलं" म्हणून तेल फेल केलं, आणि आम्ही मोठ्या ऑइल कंपन्यांचे एजंट आहोत. रिपोर्टमधले बाकीचे आकडे मी इथे टाकणार नाही, ते तुमचे आहेत. तुम्ही स्वतः जे लिहिलंय तेवढ्यावर बोलतो.

आधी आमची चूक. काउंटरवरच्या मुलाने दोन आठवडे सांगितलं ते साफ चुकीचं, कारण तेल जंतू किती खातात हे बघणारी ओईसीडी ३०१बी ही टेस्टच २८ दिवसांची आहे, ती आमच्याकडे होत पण नाही, बाहेर पाठवतो, हे कोटेशनवर बारीक अक्षरात होतं पण तोंडी कुणी सांगितलं नाही. सांडपाण्याच्या प्लांटमधला गाळ घेतात, त्यातले जंतू तेल खाऊन जो कार्बन डायऑक्साइड सोडतात तो पकडून मोजतात, आता जंतूंना काय ओव्हरटाइम देता येत नाही. तुमचे तीन फोन उचलले गेले नाहीत त्याला मात्र माझ्याकडे काही उत्तर नाहीये. सॉरी.

आता ९४ आणि ७१. दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट तुम्ही फोटोत टाकलाय म्हणून बोलतो, त्यावर टेस्ट मेथड बघा, सीईसी एल-३३ आहे. ही मूळची बोटीच्या टू स्ट्रोक इंजिन ऑइलसाठी काढलेली २१ दिवसांची टेस्ट, त्यात मूळ तेल किती उरलं एवढंच इन्फ्रारेडवर बघतात. तेल तुटून दुसरं काहीतरी झालं तरी ते "गेलं" असंच धरतात. ३०१बी मध्ये तेल शेवटपर्यंत जळून हवा झालं का ते मोजतात, आणि खाल्लेल्यातला बराच कार्बन जंतू स्वतःच्या अंगाला लावतात त्यामुळे तिथे १०० सहसा येत नाही, पासची रेषा ६० ला आहे. म्हणजे तुमचं ७१ पास आहे साहेब! पहिल्याच पानावर तसं लिहिलंय, पण रागात आपण शेवटचं पान आधी बघतो, मी पण तसंच करतो.

फोर बॉलचं पण तुमचं खरंय, ०.४२ चांगलाच आहे. पण ती टेस्ट म्हणजे तीन स्टीलच्या गोळ्यांवर चौथी गोळी ४० किलो लोडने ७५ डिग्रीला एक तास १२०० आरपीएमने फिरवायची आणि घासलेला डाग मायक्रोस्कोपखाली मोजायचा. वनस्पती तेल धातूला घट्ट चिकटून बसतं म्हणून तिथे ते भाव खाऊन जातं, आमचे आजोबा बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालायचे ते काय उगाच नाही. पण ते तासाभराचं ताजं तेल. तेच तेल टाकीत दोन सीझन राहिल्यावर काय होतं हे ती टेस्ट सांगतच नाही.

ते सांगणारी टेस्ट डी २६१९, म्हणजे पाण्यासोबत तेल किती टिकतं ते बघणारी, जिच्यावरून तुम्ही चिडलाय. ७५ ग्रॅम तेल, २५ ग्रॅम पाणी आणि तांब्याची एक पट्टी, हे सगळं कोल्ड्रिंकच्या बाटलीत (खरंच, मेथडमध्येच तशी बाटली सांगितलीय) बंद करून ९३ डिग्रीला ४८ तास उलटंपालटं फिरवायचं. वनस्पती तेलाच्या रेणूतला जो जोड जंतू पटकन तोडतात तोच जोड गरम पाणी पण तोडतं, आणि त्यातून ॲसिड सुटतं. म्हणजे ज्या गुणासाठी तुम्ही हे तेल निवडलं तोच गुण इथे अंगावर येतो. हवेतला ऑक्सिजन पण तेल असंच खराब करतो. किचनच्या एक्झॉस्ट फॅनवर जो चिकट थर बसतो ना, घासून निघत नाही, तोच प्रकार हळूहळू व्हॉल्व्हमध्ये होतो. आणि हार्वेस्टरच्या टाकीत पाणी जाणारच, रात्री थंडीत टाकी बाहेरची दमट हवा ओढते, वर ड्रायव्हर प्रेशर पंपाने मशीन धुतो. आम्ही "फेल" हा शब्द कुठे लिहिला नाहीये, तुम्हीच दिलेल्या स्पेकसमोर (तेलाने पाळायच्या मर्यादांसमोर) "मर्यादेबाहेर" लिहिलंय.

एजंटचं म्हणाल तर, त्यांची तेलं पण याच बाटलीत फिरतात आणि ते पण असेच भांडतात. जास्त काय बोलू.

खरं सांगायचं तर तुमची आयडिया मला आवडलीय. हार्वेस्टरचा पाईप भर रानात फुटतो, तेल सरीत जातं, शेतकरी बोंब मारतो, तिथे असं तेल पाहिजेच. पण आत्ताचा फॉर्म्युला आहे तसाच विकायचा असेल तर शटरिंग ऑइल (काँक्रीटच्या साच्याला लावायचं) म्हणून किंवा लाकूड कापायच्या चेन सॉला द्या, तिथे तेल एकदाच लागतं आणि जमिनीतच जातं, तिथे मी डोळे झाकून हो म्हणेन. हायड्रॉलिकलाच द्यायचं तर हाय ओलेइक तेल (हवेने लवकर खराब न होणारं वनस्पती तेल) घ्या, हवेपासून वाचवणारं चांगलं अँटिऑक्सिडंट टाका, नाहीतर सरळ सिंथेटिक एस्टरवर, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या तेलावर जा. महाग पडेल हे माहितीये.

एक राहिलं. दीड महिन्यातला एक आठवडा २६१९ परत करण्यात गेला, कारण पहिल्यांदा आकडा विचित्र आला आणि नंतर कळलं की तुमचं सॅम्पल पाण्याच्या जुन्या बाटलीत होतं, तळाला थेंब दिसत होते. दुसऱ्या कॅनमधून पुन्हा केली, त्याचे पैसे लावले नाहीत, पण तुम्हाला कळवलं पण नाही. नवीन फॉर्म्युला झाला की फक्त ही ४८ तासांची टेस्ट मी फुकट करून देतो, बाकी सगळं परत करायची गरज नाही. येताना काचेची बाटली आणा, कोरडी.