जुन्या टीव्हीला जोडलेला डबा

अमळनेरच्या आमच्या घरात 32 इंची एलईडी टीव्ही आहे. त्याचे चित्र अजून उत्तम असल्यामुळे केवळ इंटरनेट चालत नाही म्हणून तो मोडीत काढणे मला पटत नव्हते. गेल्या वर्षी त्याच्या एचडीएमआय पोर्टला स्ट्रीमिंग बॉक्स, म्हणजे इंटरनेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवणारा डबा, जोडला. वर्षभराच्या अनुभवानंतर माझे मत असे की, बॉक्स घ्यावा, पण त्याच्या किमतीकडे पाहून नव्हे, तर घराकडे पाहून घ्यावा.

आमचे घर धाब्याचे, भिंती दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या. राऊटर ओसरीत आणि टीव्ही माजघरात. 5 गीगाहर्ट्झचे वायफाय त्या भिंतीपलीकडे पोहोचतच नव्हते, 2.4 गीगाहर्ट्झचे पोहोचत होते, पण संध्याकाळी चित्र अडकत असे. शेवटी दाराच्या चौकटीवरून लॅनची केबल ओढली, तेव्हा कुठे प्रश्न मिटला. आणखी एक चूक माझीच होती. वेगळा अडॅप्टर लावण्याचा आळस करून बॉक्सला टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमधून वीज दिली होती. जुन्या टीव्हीचा तो पोर्ट बहुधा अर्धाच अँपिअर देतो, त्यामुळे बॉक्स मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होई आणि मी महिनाभर नेटवाल्याला दोष देत राहिलो.

त्याआधी बाजारातून बिननावाचा एक स्वस्त बॉक्सही आणला होता. 'सगळे फुकट दिसते' असे विक्रेता सांगत होता. वाइडव्हाइन एल-1 हे चित्रपटांची चोरी रोखणाऱ्या सुरक्षा-व्यवस्थेचे प्रमाणपत्र नसलेल्या यंत्रावर नेटफ्लिक्स एचडी दर्जाचे चित्र देत नाही, हे घरी आल्यावर कळले. म्हणजे पैसे भरूनही चित्र धूसरच. ते एक वेळ चालवून घेतले असते. पण अशा काही स्वस्त बॉक्समध्ये विक्रीपूर्वीच मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, घातलेले असते, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेने जून 2025 मध्ये दिला, तो वाचल्यावर मी ते यंत्र घरच्या नेटवरून कायमचे काढले. ज्या वायफायवर आपण बँकेचे व्यवहार करतो, त्यावर असा पाहुणा कशाला?

डेटाचा हिशेब मात्र आधीच करावा. एचडी दर्जाचा एक तास साधारण 3 जीबी खातो. रोज तीन तास पाहिले तर महिन्याला 270 जीबी होतात. फायबर असेल तर चिंता नाही, पण शेतातल्या घरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, दिवसाला दोन जीबीच्या पॅकमध्ये, अर्धा चित्रपटही पुरा होत नाही.

आईचा अनुभव माझ्यापेक्षा वेगळा आहे. यूट्यूबवरची अहिराणी गाणी तिला मोठ्या पडद्यावर मनापासून आवडली आणि रिमोटवर बोलून शोधायलाही ती शिकली. पण रोजच्या बातम्यांसाठी अ‍ॅप उघडा, मग प्रोफाइल निवडा, हा खटाटोप पाहून ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "मना च्यानल कथा गया रे भाऊ?" (माझे चॅनेल कुठे गेले रे भाऊ?) क्रमांक दाबला की वाहिनी लागते, ही सोय बॉक्सने हिरावली, हे मान्य करावेच लागेल. वेगवेगळ्या अ‍ॅपची वर्गणी हा दुसरा जाच. त्यातली दोन मी बंदच केली.

2004 मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा आमच्याकडे अजून आहे, आणि तिची छत्री मी काढलेली नाही. भारनियमनानंतर वीज परत आली की राऊटर आणि बॉक्स जागे होईपर्यंत दोन-तीन मिनिटे जातात. तोवर आईच्या निम्म्या बातम्या ऐकून झालेल्या असतात.