देणगी बघून कुणी गाडीत बसत नाही

गेल्या पंधरवड्यात एकच संदेश मला चार गटांतून आला. मजकूर लांबलचक आहे, मुद्दे एवढेच: ‘संस्था आणि कंपन्या देणग्या ओतून भायल्यांना, म्हणजे परप्रांतीयांना, गोव्यात रुजवतात. देणग्या मिळतात म्हणूनच ते येतात, सरकारी योजना लाटतात, आमच्या शाळा आणि भाषा बुडवतात, आणि एवढं करून आपल्यात मिसळत नाहीतच. अशा संस्थांना एक रुपयाही देऊ नका.’ खाली हात जोडलेले आणि ‘खरा गोंयकार असशील तर पुढे पाठव’ अशी तंबी.

मी बार्देशात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत २८ वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर म्हापशाजवळच्या एका वस्तीत संध्याकाळच्या वर्गाला जातो, आणि तो वर्ग देणग्यांवर चालतो. म्हणजे आरोपींत मीही आलो. हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा.

पहिला मुद्दा, देणग्यांमुळे येतात. कुटबणच्या किंवा मालीमच्या जेटीवर जाऊन बघा. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ट्रॉलरवरचे बरेचसे खलाशी ओडिशा-झारखंडला आपापल्या गावी असतात, आणि ऑगस्ट लागला की परततात. संस्थांचे वर्ग आणि दवाखाने काही जून-जुलैत बंद नसतात. देणगीचीच ओढ असती तर ते पावसाळ्यात इथेच थांबले असते. त्यांना आणतो तो हंगाम. विजापूर-बागलकोटच्या माणसाला आणतो तो मुकादम, कारण स्लॅब घालायला, लादी बसवायला, माडांना आळी करायला आपल्यातलं कुणी मिळत नाही. जे मिळालं असतं ते जहाजावर नाहीतर इंग्लंडात स्विंडनला असतं. आणि देणग्यांचं एवढं प्रस्थ असतं, तर २०२४च्या पावसाळ्यात कुटबणला कॉलरा पसरून माणसं मेली नसती. तिथे तेव्हा धड संडासांचीच वानवा होती.

योजना लाटतात म्हणे. गृह आधार असो की दयानंद सामाजिक सुरक्षा, गोवा सरकारच्या या दोन्ही योजनांना गोव्यात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. काल गाडीतून उतरलेल्याला त्यातलं काही मिळत नाही. रेशन केंद्राच्या कायद्याचं आहे. २०२० पासून त्याचं गावचं कार्ड इथेही चालतं. तो धान्याचा कोटा त्याचाच, इथे उचलला म्हणून आपला कमी होत नाही. उलट त्याच्या हक्काचं एक आहे ते त्याला मिळत नाही. १९९६च्या कायद्यापासून बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी वसूल होतो. त्याचा लाभ घ्यायचा तर नोंदणी हवी, आणि नोंदणीला मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज नाक्यावर उभं राहून वेगळ्या ठेकेदाराकडे जाणाऱ्याला हा दाखला कोण लिहून देणार? आमच्या वर्गाच्या देणगीतला बराच पैसा अशाच कामाला जातो: फोटो, झेरॉक्स, रिक्षाभाडं, आणि कचेरीत सोबत जाणाऱ्या एका मुलीचा पगार. फुकट वाटण्यासारखं त्यात काही नाही.

आता भाषा. हा मुद्दा मला लागतो, कारण यात मीही कोरा नाही. मी शाळा सोडली त्या वर्षी पहिलीत अकरा मुलं होती. सात जणांच्या घरी कन्नड किंवा लमाणी बोलत. ती सात नसती तर शाळेला टाळं लागलं असतं. गावातली बाकीची मुलं कुठे होती? पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत. २०११ साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं तेव्हा आम्ही त्याविरुद्ध पणजीला जाऊन घसा फाटेस्तोवर घोषणा दिल्या होत्या. पुढे माझा स्वतःचा नातू कुठल्या माध्यमात गेला ते विचारू नका. मराठी कुणी बुडवली याचा हिशेब मांडायचा तर माझ्या घरापासून मांडा. लमाण्याच्या पोराने ‘अ’ गिरवला म्हणून ती बुडाली नाही.

पण ते पोर मराठी शाळेत टिकतं कसं, हे बघण्यासारखं आहे. जूनमध्ये एक आई मुलीला घेऊन आली. जन्मदाखला नाही. एका शाळेने परत पाठवलं होतं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षणहक्क कायद्यात स्पष्ट लिहिलंय, पण ते तिने कन्नडमध्ये कुणाला सांगायचं? आमच्या वर्गाची ती कचेरीत जाणारी मुलगी सोबत गेली, प्रवेश झाला. पहिले दोन महिने पोर तोंड उघडेना. मग एकदा पाटीवर ‘कमळ’ लिहून बोट ठेवून म्हणाली, “तावरे.” मी म्हटलं, “कमळ.” ती म्हणाली, “तावरे,” आणि हसली. गणेश चवथीच्या आधी ‘सुखकर्ता दुखहर्ता’ तिने पाठ म्हटली, ‘नुरवी’ला अडखळली, तिथे आपल्या पोरीही अडखळतात. तिची आई आता बसथांब्यावर “बस केन्ना येतली गो बाय?” असं कोंकणीत विचारते. पहिल्यांदा तिला हिंदीत उत्तर मिळालं. कुणाकडून, ते सांगायला नको.

मिसळत नाहीत या तक्रारीला माझं उत्तर तेच. मुंबईत गेलेला गोंयकार तरी लगेच कुठे मिसळला होता? धोबीतलावला गावागावाच्या कुडी, म्हणजे सामायिक बिऱ्हाडं होती, तिथे जहाजाची वाट बघत तरवटी, म्हणजे आपले खलाशी, स्वस्तात राहत, आपल्याच वाड्यातल्या माणसांत. १९१९ साली मुंबईत गोवा हिंदू असोसिएशन निघाली तीही आपल्या माणसाला परमुलखात आधार हवा म्हणूनच. परक्या शहरात पाय रोवायला आधी आपल्या माणसांची ऊब लागते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं.

परदेशी पैशाने मतपेढ्या बांधतात, असंही त्यात घुसडलंय. परदेशी देणगी आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उतरते, २०२० पासून ती दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि प्रशासनावर त्यातल्या वीस टक्क्यांहून जास्त खर्चता येत नाही. मतदारयादीत नावं कोण घालतं ते प्रत्येक पंचायतीत सगळ्यांना माहीत असतं.

संस्थांवर मीही रागावतो, पण वेगळ्या कारणाने. कंपनीचं नाव छापलेली दप्तरं वाटून फोटो काढायचे आणि परत फिरकायचं नाही, किंवा वस्तीतल्या पोरांना ‘ट्विंकल ट्विंकल’ पढवायचं आणि शेवटी त्यांना धड येत ती इंग्रजीही नाही, कोंकणीही नाही, मराठीही नाही. अशांना खरंच रुपया देऊ नका. डोंगर कापले जातात, पाणी पुरत नाही, हेही खरं. पण डोंगर कापायचा परवाना घमेलं उचलणाऱ्याच्या खिशात नसतो.

हा संदेश मला सगळ्यात आधी पाठवला तो शेजारच्या गृहस्थांनी. त्यांच्या घरामागे पत्र्याच्या पाच खोल्या आहेत, पाचही भरलेल्या. तिथल्या एका मुलाच्या कागदपत्रांसाठी भाड्याचा करार हवाय. मी उत्तरात लिहिलं, “दादा, तेवढा करार लिहून द्याल का?” वाचल्याच्या निळ्या खुणा रविवारीच उमटल्या. आज गुरुवार.